किलोमीटरला २०९ रुपये

बुगाटी वेरॉन ही गाडी २००५ ते २०१५ या काळात फ्रान्समधल्या मोल्साइम गावात तयार होत होती. जगभरात मिळून अशा फक्त ४५० गाड्या बनल्या. आठ लिटरचं सोळा सिलिंडरांचं इंजिन, चार टर्बोचार्जर, १००१ अश्वशक्ती, आणि या सगळ्याची उष्णता बाहेर टाकायला दहा रेडिएटर. तिचा कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. या वेगाने ती पळवली, तर १०० लिटरची टाकी १२ मिनिटांत कोरडी पडते. तेवढ्या वेळात गाडी ८१ किलोमीटर जाते, म्हणजे लिटरमागे एक किलोमीटरसुद्धा नाही.

हा आकडा ऐकला की ‘बापरे, पेट्रोलचा केवढा खर्च!’ असंच तोंडून निघतं. पण हिशेब करून पाहा. लिटरला १०४ रुपये धरले तर मिनिटाला ८६७ रुपयांचं पेट्रोल जळतं. याच वेगाने टायर टिकतात जेमतेम १५ मिनिटं. चार टायरांचा संच तेव्हा सुमारे ४२ हजार डॉलरला मिळत असे. डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर ३५ लाख ७० हजार रुपये. पंधरा मिनिटांनी भागल्यावर मिनिटाला २ लाख ३८ हजार रुपये येतात. इंधनावर एक रुपया जळतो, तेव्हा टायरवर २७५ रुपये झिजतात.

टायर एवढे महाग का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे. या वेगाला मागचं चाक सेकंदाला सुमारे ५० वेळा फिरतं. टायरच्या बाहेरच्या कडेवर असलेलं एक ग्रॅम रबर बाहेर फेकलं जाऊ पाहतं ते साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने. जवळपास दोन टनांची गाडी पेलत, तापत, हा ताण सहन करणारं रबर साध्या कारखान्यात बनत नाही. त्याची किंमत द्यावी लागते आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

वेरॉन आपल्यापैकी कुणाच्या दारात येणार नाही. पण तिने दाखवलेला नियम चाकण-पिंपरीत जुळवल्या जाणाऱ्या आलिशान गाड्यांनाही तंतोतंत लागू पडतो. डोळ्यांना दिसणारा खर्च सगळ्यात लहान असतो. मोठे खर्च न दिसणारे असतात, आणि महाराष्ट्रात शेकडो घरांचे हिशेब तेच बिघडवतात. म्हणून ते आकडे एकदा नीट मांडायला हवेत.

पहिला न दिसणारा वाटेकरी: कर

एक कोटी रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे एक कोटीत गाडीची स्वतःची किंमत ७१ लाख ४३ हजार, आणि २८ लाख ५७ हजार हा कर. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी वाहनकर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. आपल्या गाडीला १३ लाख. म्हणजे रस्त्यावर येताना एक कोटी तेरा लाख मोजले, आणि त्यातले साडेएक्केचाळीस लाख करात गेले. ७१ लाखांच्या वस्तूसाठी एवढा कर.

परदेशातून पूर्ण तयार होऊन येणारी गाडी याहून कितीतरी पुढे जाते. ४० हजार डॉलरवरच्या गाडीला २०२५ च्या दराने सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के. बंदरात एक कोटीची असलेली गाडी तिथेच २ कोटी १० लाखांची होते. त्यावर ४० टक्के जीएसटी लागला की २ कोटी ९४ लाख. मग राज्याचा वाहनकर. आयात गाडीला दर २० टक्के असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाखांवरून १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. बेरीज ३ कोटी २४ लाख. तीन गाड्यांचे पैसे मोजायचे आणि दारात एकच उभी राहते.

आयात गाडीवरच्या कराचा हा प्रश्न मराठी माणसाने एकदा फार जवळून पाहिला आहे. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये बरोबरी केली, तेव्हा फियाटकडून त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला फेरारीचा शर्यतपटू मायकेल शूमाकरने चावी हातात दिली. गाडी सुमारे ७५ लाखांची आणि सीमाशुल्क १ कोटी १३ लाख. शुल्क माफ करण्याच्या निर्णयावरून वाद उठला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. फुकट मिळालेल्या गाडीवरचा करही गाडीच्या किमतीच्या दीडपट होता.

हौसेचा कर निराळाच. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचं शुल्क वाढलं. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीला ०००१ हा क्रमांक हवा असेल तर सहा लाख, आणि चालू मालिकेबाहेरचा घेतला तर अठरा लाख. नुसत्या नंबरप्लेटच्या पैशांत एक चांगली कौटुंबिक गाडी दारात उभी राहते.

रोज १ लाख ७८ हजार

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादने, आताच्या छत्रपती संभाजीनगरने, साऱ्या देशाचं लक्ष वेधून घेतलं. शहरातल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ गाड्या घेतल्या. एकूण व्यवहार ६५ कोटींचा, म्हणजे सरासरी गाडीमागे सव्वात्रेचाळीस लाख. मराठवाड्यातल्या शहराच्या या हिमतीचं खूप कौतुक झालं. यातली सुमारे दोन तृतीयांश रक्कम सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेने ७ टक्के व्याजाने दिली होती. ट्रॅक्टरच्या कर्जाला याहून बराच जास्त दर पडतो, हा मुद्दा पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा पोटतिडकीने मांडला होता.

त्या ६५ कोटींचं पुढे काय होतं, हे विम्याच्या कोष्टकात लिहिलेलं आहे. वाहन विम्यात गाडीची जी किंमत धरतात, तिला आयडीव्ही म्हणतात. कोष्टक सांगतं, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. ६५ कोटी ही सगळी गाड्यांचीच किंमत धरली, तर पाच वर्षांत साडेबत्तीस कोटी गेले. पाच वर्षांचे १८२६ दिवस. म्हणजे गाड्या चालल्या किंवा नुसत्या उभ्या राहिल्या, तरी त्या शहरातल्या १५० दारांतून रोज १ लाख ७८ हजार रुपये वाऱ्यावर जात होते. दसरा असो, दिवाळी असो, दुष्काळाचं वर्ष असो.

एका गाडीवर हा भार दिवसाला ११८७ रुपये येतो. आपल्या एक कोटीच्या गाडीवर २७३८ रुपये. या रकमेची पावती येत नाही, मेसेज येत नाही, बँकेच्या पासबुकात नोंद होत नाही. म्हणूनच ती कुणी मोजत नाही. गाडी विकायला काढली की पाच वर्षांचं बिल एकाच दिवशी समोर येतं.

ही घट कोष्टकाच्या गतीनेच होते असंही नाही. २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू होणार असं जाहीर झालं आणि काही गाड्यांची किंमत एकदम ५६ लाखांपर्यंत उतरली. नव्या ग्राहकासाठी ही आनंदाची बातमी. पण महिनाभर आधी ज्याने जुन्या भावात गाडी घेतली होती, त्याच्या गाडीचा बाजारभाव त्याच बातमीने खाली ओढला. २०२५ मध्ये जीएसटीचं तेच झालं. आधी मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के होते, ते ४० वर आले. एक कोटीची गाडी शोरूममध्ये साडेसहा लाखांनी स्वस्त झाली, आणि आधीच्या मालकाची गाडी दारात उभ्या उभ्या तेवढीच उतरली. ज्या किमतीचा निर्णय दिल्लीत आणि कारखान्यात होतो, तिच्यावर घरातली मोठी पुंजी टांगून ठेवणं हा धोका आहे.

पाच वर्षांचा पूर्ण हिशेब

आता एक कोटीच्या त्याच पेट्रोल गाडीची वही उघडू. वापर वर्षाला १२ हजार किलोमीटर, पाच वर्षांत ६० हजार. काही आकडे कोष्टकातले आहेत, काही मी धरलेले. ज्याने त्याने आपले आकडे घालून पाहावेत.

किमतीतली घट, विम्याच्या कोष्टकाप्रमाणे: ५० लाख.

वाहनकर: १३ लाख.

कर्जाचं व्याज: ८० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, पाच वर्षं. हप्ता महिन्याला १ लाख ६६ हजार, आणि एकूण व्याज १९ लाख ६४ हजार.

विमा: वर्षाला सरासरी दोन लाख धरून १० लाख.

चालक: महिना २५ हजार धरून १५ लाख.

सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, बॅटरी: वर्षाला दोन लाख धरून १० लाख.

पेट्रोल: शहरात लिटरला आठ किलोमीटर धरले तर साडेसात हजार लिटर, म्हणजे ७ लाख ८० हजार.

बेरीज १ कोटी २५ लाख ४४ हजार. पाच वर्षांनी ५० लाखांची गाडी हातात राहते, हे धरूनच ही बेरीज आहे. दिवसाला ६८७० रुपये. किलोमीटरला २०९ रुपये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २१. स्वतःची गाडी टॅक्सीच्या दहापट पडली.

आणि त्या २०९ रुपयांत पेट्रोल किती? फक्त १३ रुपये. एकूण खर्चाच्या सहा टक्के. ‘मायलेज किती देते?’ हा आपल्याकडे गाडी बघताना विचारला जाणारा पहिला प्रश्न. आलिशान गाडीच्या बाबतीत तो सगळ्यात कमी महत्त्वाचा ठरतो. मायलेज दुप्पट झालं तरी किलोमीटरचे साडेसहा रुपये वाचतात. उरलेले दोनशे तिथेच राहतात.

आता वेळेचा हिशेब. शहरातला सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर धरला, तर ६० हजार किलोमीटरला २४०० तास लागतात. पाच वर्षांत तास असतात ४३ हजार ८२४. म्हणजे गाडी साडेपाच टक्के वेळ चालते आणि साडेचौऱ्याण्णव टक्के वेळ उभी असते. चालत्या प्रत्येक तासाची किंमत ५२०० रुपयांच्या वर जाते.

उभं राहायलाही जागा लागते. मुंबईच्या बांधकाम नियमांत मोठ्या गाडीची जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर धरलेली आहे, म्हणजे १४८ चौरस फूट. मर्सिडीज-मेबॅक एस-क्लासची लांबी ५.४७ मीटर. पुढून-मागून मिळून तीन सेंटिमीटर उरतात. आजूबाजूच्या घरांचा भाव चौरस फुटाला ३० हजार असेल, तर तेवढ्या क्षेत्राचं मोल ४४ लाखांवर जातं. मुंबईत अल्टामाउंट रोडवरच्या अँटिलिया इमारतीत सहा मजले १६८ गाड्यांसाठी आहेत असं सांगितलं जातं. नियमातल्या मापाने नुसत्या उभ्या राहायलाच एवढ्या गाड्यांना २५ हजार चौरस फूट हवेत, आत-बाहेर करायची वाट वेगळीच. आपल्या वहीत मी जागेचा एक रुपयाही धरलेला नाही.

ठोकर आणि पाऊस

विम्याचा एक भाग सगळ्यांना समान आहे. १५०० सीसीवरच्या कोणत्याही खाजगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकात वर्षाला ७८९७ रुपये. इनोव्हा असो वा रोल्स-रॉयस, आकडा तोच, कारण तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. फरक पडतो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत.

साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात. आजच्या आलिशान गाडीचं तोंड बघा. बंपर प्लास्टिकचा, हेडलॅम्पचं आवरण प्लास्टिकचं, मागे सेन्सर आणि रडार. सिग्नलला हलकी ठोकर बसून या भागांचं बिल सहा लाख झालं, तर तीन लाख खिशातून. ‘झिरो डेप’ घेतलं तर ही कपात टळते, पण त्याचा हप्ता वेगळा असतो आणि गाडी जुनी झाली की ते मिळणं अवघड होत जातं. गाडी चोरीला गेली तर आयडीव्हीपुरते पैसे मिळतात. भरलेले १३ लाख वाहनकराचे त्यात नसतात, त्यासाठीही वेगळी जोड घ्यावी लागते.

आणि आपला पावसाळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गाड्या पाण्यात गेल्यावर काय होतं हे मुंबईने शिकून घेतलं. इंजिन हवा आत ओढतं, दाबतं आणि इंधन पेटवतं. हवेच्या जागी पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यात उभी असताना पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला, की नुकसान पक्कं. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि इंजिन संरक्षणाची वेगळी जोड नसेल तर साधी पॉलिसी हे पैसे सहसा देत नाही. हा धोका दहा लाखांच्या गाडीलाही आहे. पण त्या इंजिनाची आणि सहा सिलिंडरांच्या टर्बो इंजिनाची किंमत एक नव्हे.

दुरुस्तीचा आकडा कुठवर जाऊ शकतो, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ‘मिस्टर बीन’ म्हणून आपल्या ओळखीचे अभिनेते रोवन अॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये ५ लाख ४० हजार पौंडांना मॅक्लारेन एफ-वन घेतली. २०११ मध्ये ती रस्त्यावरून घसरून झाडावर आदळली. दुरुस्तीला वर्षाहून अधिक काळ लागला आणि खर्च आला ९ लाख १० हजार पौंड, खरेदीच्या जवळपास पावणेदोन पट. विमा कंपनीने तो भरला, कारण अशा एकूण १०६ गाड्याच बनल्या आहेत आणि गाडीचा बाजारभाव दुरुस्तीच्या कितीतरी वर होता. पुढे २०१५ मध्ये ती सुमारे ८० लाख पौंडांना विकली गेली. ‘महागड्या गाड्यांची किंमत वाढते’ असं सांगणारे हेच उदाहरण देतात. पण १०६ गाड्यांना लागू पडणारा नियम शोरूममधून दरवर्षी हजारोंनी निघणाऱ्या गाड्यांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी विम्याचं कोष्टक आहे.

जुनी गाडी, नवं बिल

मला खरी काळजी वाटते ती यानंतरच्या ग्राहकाची. आठ वर्षांची एक कोटीची गाडी समजा १८ लाखांना मिळते. त्याच पैशांत नवी साधी एसयूव्ही येते. तरुण उद्योजक, नुकताच स्थिरावलेला कंत्राटदार, रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे हातात आलेलं शेतकरी कुटुंब, यांना ही संधी वाटते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण याच जागी लागू पडते.

गाडीची किंमत उतरली, सुट्या भागांची उतरली नाही. वर्षाची दोन लाखांची देखभाल एक कोटीच्या मालकाला दोन टक्के होती, १८ लाखांच्या मालकाला ती अकरा टक्के आहे. आणि आठव्या वर्षी ती दोन लाखांवर थांबत नाही. एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या, टर्बोचार्जर, गिअरबॉक्सचं इलेक्ट्रॉनिक्स, यांचं आयुष्य याच सुमाराला संपत येतं. पहिल्या मालकाने वॉरंटीत वर्षं काढलेली असतात. दुरुस्तीची वर्षं दुसऱ्याच्या वाट्याला येतात. गिअरबॉक्सचं काम सहा लाखांना पडलं, तर गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा एका बिलात गेला.

विम्याचा नियमही इथे कडक होतो. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कोष्टकात नाही, ती मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण निकामी धरतात. १८ लाखांच्या गाडीला ही रेघ साडेतेरा लाखांवर आहे. नव्या गाडीच्या भावातले सुटे भाग लागणाऱ्या गाडीला समोरून बसलेली एक मोठी धडक तिथपर्यंत पोहोचवू शकते.

जमिनीच्या पैशांबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं. चाकण, शिक्रापूर, शेंद्रा या पट्ट्यांत कारखाने आले, रस्ते आले, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताचे पैसे एका धनादेशात घरी आले. जमीन पुढच्या पिढीच्या नावावर जाते. गाडी पाच वर्षांत अर्धी होते. एका गाडीवर रोज ६८७० रुपये म्हणजे महिन्याला दोन लाखांहून अधिक. यात एका मुलाचं वैद्यकीय शिक्षण होतं, गोठा उभा राहतो, ठिबक बसतं, छोटा धंदा सुरू होतो. प्रतिष्ठा हवी, तीही माणसाची गरज आहे, हे मला मान्य आहे. पण तिचा रोजचा दर माहीत असायला हवा.

म्हणून गाडी नवी असो वा जुनी, सही करण्याआधी चार गोष्टी लिहून काढा. चार टायर, एक हेडलॅम्प, पुढचे ब्रेक आणि गिअरबॉक्स यांचे आजचे भाव सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. विम्यात झिरो डेप आणि इंजिन संरक्षण आहे का, आणि किती वर्षं मिळेल, ते विचारा. पाच वर्षांनी गाडीचे अर्धेच पैसे येतील असं धरा. मग सगळ्याची बेरीज करून १८२६ ने भागा. आलेला आकडा आपल्या घराच्या रोजच्या कमाईशेजारी लिहा. ज्याच्या कमाईत तो सहज बसतो, त्याने ती गाडी जरूर घ्यावी आणि आनंदाने चालवावी, कारण सुंदर यंत्र वापरण्यात खरंच सुख आहे. ज्याच्या कमाईत तो बसत नाही, त्याने तो कागद घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावा, कारण हप्ता एकाच्या नावावर असला तरी भरावा लागतो सगळ्यांना.